मिठाची पट्टी ओलांडली म्हणजे स्लाइम मोल्ड शिकला का?

ऐरोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय ते थोडक्यात असं. आठवीच्या मुलांना एका कॉलेजातून फायसॅरम या स्लाइम मोल्डचा, म्हणजे पिवळ्या जाळ्यासारखा पसरत सरकणाऱ्या एकपेशी जीवाचा, वाळवलेला तुकडा मिळाला. मुलांनी तो ओला करून ओट्सवर वाढवला. मग चार पेट्री डिश घेतल्या, प्रत्येकीत मधोमध मिठाच्या अगारची (जेलीसारख्या घट्ट पदार्थाची) पट्टी, एका बाजूला मोल्डचा तुकडा, दुसऱ्या बाजूला ओट्स. पहिल्या डिशमध्ये तो पट्टीपाशी आला आणि तासन्‌तास थांबून राहिला. दुसरीत दुसऱ्या दिवशी सरळ पलीकडे गेला. तिसरीत कडेने वर चढून झाकणाला चिकटला. चौथीत गडद नारिंगी खपली धरली आणि मुलं ‘मेला’ म्हणून हळहळली. डिश खिडकीजवळच्या टेबलावर होत्या, पंखा चालू, महिना एप्रिलचा. प्रश्न दोन आहेत: मेंदू नसलेला हा जीव वाईट परिस्थितीत कुठे आणि कसं सरकायचं हे कशावरून ठरवतो? आणि पट्टी ओलांडणारा ‘शिकला’ असं प्रदर्शनाच्या तक्त्यावर लिहावं का?

मॅडम, दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: एवढ्यावरून लिहू नका. पण मुलांनी जे पाहिलंय ते चारही डिशमध्ये खरं आहे आणि त्यातल्या प्रत्येकाला कारण आहे. मी ठाण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं हे कल्चर सांभाळते आहे आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेतून असाच प्रश्न येतो. अडचण बहुतेक वेळा एकच असते. आपल्याला वाटतं की आपण त्याच्यासमोर एक अडथळा ठेवलाय. तुमच्या डिशमध्ये मात्र मीठ होतं, खिडकीचा उजेड होता, पंख्याचा वारा होता, एप्रिलची दुपार होती आणि भूकही होती. हा जीव या सगळ्यांना एकाच वेळी, एकाच यंत्रणेने उत्तर देतो. त्यामुळे तो सरकला किंवा थांबला हे दिसतं, पण कशामुळे ते नुसतं बघून कळत नाही.

ती यंत्रणा आधी बघू, कारण ती समजली की बाकीचं सोपं होतं.

शाळेत मायक्रोस्कोप असेलच. कमी शक्तीच्या भिंगाखाली डिश तशीच ठेवा आणि पिवळ्या जाळ्यातली एक जाड शीर शोधा. आतले कण एका दिशेने भराभर वाहताना दिसतील. मग प्रवाह मंदावतो, क्षणभर थांबतो आणि उलटा वाहू लागतो. मुलांच्या हातात घड्याळ द्या. एका दिशेने वाहणं, थांबणं आणि परतणं मिळून साधारण दीड-दोन मिनिटांचा फेरा निघतो. आतल्या रसाचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपर्यंत जातो, पण पुढची कड तासाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकते, भुकेला असेल तर थोडी जास्त. वेगातली ही तफावत मुलांना लगेच खटकते, आणि खटकली पाहिजे. रस पुढे जातो तेवढा जवळजवळ सगळा मागे येतो. दर फेऱ्यात पुढे थोडा जास्त राहतो, तेवढंच त्याचं चालणं.

हे सगळं जाळं म्हणजे एकच पेशी आहे, आत असंख्य केंद्रकं. शिरेची भिंत घट्टसर जेलीची, तिच्यात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, म्हणजे आपल्या स्नायूंत असतात तीच प्रथिनं. कॅल्शियमचं प्रमाण लयीत वर-खाली होतं तशी भिंत आकुंचन पावते आणि सैलावते. आता एखाद्या टोकाला ओटचा दाणा लागला की तिथली लय जलद होते, भिंत मऊ पडते आणि रस तिकडे जास्त जातो. तेच टोक मिठाला, क्विनीन या कडू पदार्थाला किंवा उजेडाला लागलं की लय मंदावते आणि रस तिकडे कमी जातो. पेशीतला एकूण रस ठरलेला आहे. टूथपेस्टची ट्यूब एका बाजूने दाबली की पेस्ट दुसऱ्या बाजूला फुगते, तसा इथे कमी झालेला रस दुसरीकडे निघतो. म्हणून ‘मिठापासून पळणं’ आणि ‘दुसरीकडे वाढणं’ या त्याच्यासाठी दोन वेगळ्या कृती नाहीत. तुमच्या तिसऱ्या डिशमधला झाकणाकडे गेलेला हात आणि पट्टीपासून मागे सरलेली कड हा एकाच रसाचा हिशेब आहे.

ही बातमी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते कशी, यावर कॅरेन आलिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत चांगलं काम केलंय. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं की खाणं लागलेल्या जागेतून सुटणारा संकेत त्याच वाहत्या रसाबरोबर जातो आणि जाता जाता प्रवाह वाढवत जातो, म्हणजे स्वतःची वाट स्वतःच मोकळी करतो. 2021 मध्ये मिरना क्रामार आणि आलिम यांनी पुढचा भाग मांडला: खाणं जिथे मिळालं तिथल्या शिरा जाड होतात, इतर बारीक होतात, आणि खाणं संपल्यावरही ही जाडी टिकते. पुढच्या वेळी रस त्याच जाड शिरांतून जास्त वाहतो. मागे काय घडलं याची नोंद त्याच्या शरीराच्या आकारात राहते. मेंदूशिवाय ठरवणं ते हेच, आणि मला तरी ते ‘बुद्धिमान बुरशी’ वगैरे मथळ्यांपेक्षा जास्त थक्क करतं. शिवाय ही बुरशी नाहीच. अमीबाच्या जवळच्या गोतावळ्यातला जीव आहे, तेवढं तक्त्यावर दुरुस्त करा.

आता एकेक डिश घेऊ.

पहिली, जिथे तो थांबून राहिला. मुलं म्हणाली असतील काही घडलंच नाही. माझ्या मते चारांतली ही सगळ्यात चांगली डिश. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी असाच प्रयोग क्विनीनच्या पट्टीवर केला होता. अरुंद गल्लीत प्लाझ्मोडियम (मोल्डचं हे पसरणारं, चालतं रूप; मलेरियाचा जंतू नव्हे) सोडलं, वाटेत क्विनीनचा पट्टा. ते पट्ट्यापाशी येऊन कित्येक तास थांबलं आणि मग तीनपैकी एक गोष्ट झाली: आरपार गेलं, मागे फिरलं, किंवा दुभंगून काही भाग पुढे आणि काही मागे गेला. काय होणार हे क्विनीन किती तीव्र यावर अवलंबून होतं, पण मधल्या तीव्रतेला निकाल कुठल्याही बाजूला झुकू शकत होता. थांबलेल्या काळात आत शिरांचा खेळ चालूच असतो. तुमच्या मुलांनी तेव्हा भिंगाखाली पाहिलं असतं तर कडेला रस येतो, टेकतो आणि परततो असं दिसलं असतं. पुढच्या वेळी थांबलेल्या डिशचाच दर अर्ध्या तासाने फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून.

तो किती वेळ थांबेल हे भुकेवर फार अवलंबून आहे. पोट भरलेला तुकडा दाट चादरीसारखा पसरतो आणि घाई करत नाही. उपाशी तुकडा विरळ होतो, लांब बारीक हात काढतो, आणि एरवी टाळली असती अशी जागाही तुडवतो. सिडनीच्या टॅनिया लॅटी आणि मॅडलीन बीकमन यांनी 2010 मध्ये उजेड आणि खाण्याच्या दर्जाची अशीच तडजोड तपासली होती. सावलीतलं खाणं आणि उजेडातलं खाणं जवळपास सारखं असेल तर तो सावली धरतो, उजेडातलं पुष्कळ सकस असेल तर धोका पत्करतो. म्हणून मुलांना विचारा, चारही तुकडे शेवटचे कधी जेवले होते? एक तुकडा ओट्सच्या ढिगावरून उचललेला आणि एक डिशच्या रिकाम्या कडेवरून खरवडलेला असेल, तर तुमच्या चार डिश चार वेगळे प्रयोग आहेत.

दुसरी डिश, म्हणजे ओलांडणारा. इथे जरा थांबते, कारण सगळा घोळ इथेच आहे.

मिठाची पट्टी अगारमध्ये ओतली की ती पट्टी म्हणून राहत नाही. अगार म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि पाण्यात मीठ पसरतं. मिठाच्या पसरण्याचा दर धरून साधा हिशेब केला तर चोवीस तासांत ते दोन्ही बाजूंना सुमारे दीड सेंटिमीटर गेलेलं असतं. तुमची डिश 9 सेंटिमीटरची. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथे पट्टी उरलीच नव्हती. मधे पातळ झालेलं मीठ होतं आणि दोन्ही बाजूंना आणखी पातळ. मोल्ड बदलला की अडथळा विरला, हे या डिशवरून सांगता येत नाही. मी पैज लावायची झाली तर अडथळ्यावर लावेन.

मग ‘शिकणं’ कशाला म्हणायचं? फ्रान्समधल्या तुलूझच्या ऑद्रे द्युसुतूर यांच्या गटाने 2016 मध्ये हे नीट करून दाखवलं. त्यांनी अगारची पट्टी डिशमध्ये न ओतता पूल केला. एका बाजूला मोल्ड, दुसऱ्या बाजूला खाणं आणि मधे फक्त तो पूल, ज्याच्यात क्विनीन किंवा कॅफिन. रोज नवा पूल. पहिल्या दिवशी मोल्ड पुलावर बारीकसा हात काढायचा आणि साध्या पुलापेक्षा कितीतरी जास्त वेळ घ्यायचा. सहा दिवसांत तो जवळपास साध्या पुलासारखाच ओलांडू लागला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. क्विनीनची सवय झालेल्याला कॅफिनचा पूल दिला तर तो पुन्हा बिचकला, म्हणजे तो नुसता थकला नव्हता किंवा बधिर झाला नव्हता. आणि दोन दिवस क्विनीन न देता ठेवल्यावर पुन्हा दिलं तर बिचकणं परत आलं. सवय मोडते, हाही पुराव्याचाच भाग आहे.

मिठावर त्याच गटाचं काम आहे आणि ते तुमच्या जास्त जवळचं. डेव्हिड व्होगल आणि द्युसुतूर यांनी मिठाला सरावलेला तुकडा आणि न सरावलेला तुकडा शेजारी ठेवून एकमेकांत मिसळू दिले. तासाभरात वेगळे केले तर नवखा नवखाच राहिला. तीन तास एकत्र राहिले, दोघांमध्ये शीर तयार झाली, आणि मग वेगळे केले तर नवखाही मिठावरून बिनदिक्कत गेला. 2019 च्या कामातून त्याचा खुलासा मिळाला: सरावणारा मोल्ड मीठ अंगात घेत असतो. सवय मोडते तेव्हा ते बाहेर टाकतो. नवख्याच्या अंगात थेट मीठ टोचलं तर तोही सरावल्यासारखा वागतो. सरावलेला तुकडा वाळवून महिनाभर ठेवला आणि पुन्हा ओला केला, तरी सवय शिल्लक होती.

याला शिकणं म्हणावं का यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत नाही. एक सहकारी म्हणतात, अंगात मीठ भरलं म्हणून बाहेरचं मीठ टोचत नाही, यात शिकणं कुठलं, हा तर रसायनाचा तोल. माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याही चेतापेशींत आठवण म्हणजे शेवटी कुठल्यातरी रेणूंचं प्रमाण बदलणंच असतं, तेव्हा साधन साधं आहे एवढ्यावरून मी त्याला बाद करणार नाही. पण आठवीच्या तक्त्यावर ‘सवय होणे’ एवढंच लिहा. तेवढं सिद्ध करता येतं, आणि परीक्षकाने उलट विचारलं तर मुलं उत्तर देऊ शकतील.

तिसरी डिश, झाकणावरचा. यात मोठं गूढ नाही. एप्रिलमध्ये डिश तापते, अगारमधलं पाणी उडून झाकणाला आतून घाम येतो, आणि खाली मीठ असताना वर गोडं पाणी आहे हे त्याला सापडतं. ओल असेल तिकडे हा जातोच. डिश उलटी ठेवलीत तर हे बरंचसं थांबतं. मात्र एक शंका राहते, ती अशी की उपाशी मोल्ड काही दिवसांनी मुद्दाम वर, कोरड्या आणि उजेडाच्या जागी जातो. आयुष्यभर उजेड टाळणारा हा जीव बीजाणू धरायच्या वेळी नेमका उजेडात येतो. फायसॅरमला त्यासाठी आधी काही दिवसांची उपासमार लागते आणि मग प्रकाश. पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत कुंडीतून निघून भिंतीवर किंवा पायरीवर पिवळा गोळा चढलेला दिसतो, लोक कुत्र्याने ओकलं म्हणून पाणी मारतात, तो बहुधा याचाच भाऊबंद, फ्युलिगो, याच कामाला निघालेला असतो. म्हणून उजेड आणि कोरडेपणा ‘प्रतिकूल’ असं सरसकट म्हणता येत नाही, वयावर आहे. तुमचा तुकडा दुसऱ्याच दिवशी चढला असेल तर घामाचं कारण धरा. आठवडाभर उपाशी ठेवलेला असेल तर त्याच्यावर बारीक काळपट बोंडं येतायत का बघा.

चौथी डिश फेकली नसेल तर फेकू नका. ती खपली म्हणजे स्क्लेरोशियम, कॉलेजातून तुम्हाला जे मिळालं होतं तेच. पाणी हळूहळू कमी झालं, खाणं संपलं किंवा गारठा पडला की हा चालणं सोडून देतो, रसाचे छोटे छोटे कप्पे करतो, प्रत्येकाभोवती भिंत घालतो आणि वाट बघतो. अशा स्थितीत तो वर्षानुवर्षं टिकतो. इथे दोन कारणं एकत्र आली असणार. पंख्याने अगार सुकला, आणि अगार सुकताना त्यातलं मीठ आणखी तीव्र झालं, तेही त्याच्यातून पाणी ओढतं. हळू सुकला म्हणून वाचला. झपाट्याने सुकला असता तर कप्पे करायला वेळच मिळाला नसता. जिवंत आहे का हे बघायला खपलीचा नखाएवढा तुकडा ओल्या फिल्टर पेपरवर ठेवा, झाकून अंधारात. दिवसभरात पिवळी कड फुटली तर जिवंत. फिकट पडून वास येत असेल आणि वर खरोखरची करडी बुरशी दिसत असेल तर गेला.

हे झाल्यावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला दिसलंच असेल, तरी एकदा एकत्र सांगते. काही मिनिटांत बदलते ती आकुंचनाची लय. तासांत बदलतात शिरांची जाडी आणि हातांची दिशा. दिवसांत होते सवय, किंवा मग चालणं सोडून खपली. वाईट गोष्ट थोडा वेळ टिकली तर वळसा, जास्त टिकली आणि सोसण्यासारखी असली तर सराव, सोसवेनाशी झाली तर झोप. तुमच्या चार डिशमध्ये यातल्या दोन पायऱ्या मुलांनी एका आठवड्यात बघितल्या, फक्त मधली, सरावाची, सिद्ध व्हायची राहिली.

ती करायची असेल तर मी असं करेन.

जागा आधी बदला. खिडकी नको, पंख्याचा झोत नको. याला साधारण 22 ते 26 अंश मानवतं, तिशीच्या वर कुरकुर सुरू होते. ऐरोलीत एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरचा वर्ग कितीला जातो हे तुम्हीच जाणता. तळमजल्यावरचं बंद कपाट, त्यात सगळ्यात खालचा खण, थर्माकोलचा डबा आणि डब्यात ओला टिश्यू, एवढ्याने भागतं. एसीचा स्टाफरूम मिळाला तर उत्तम, पण एसी हवा कोरडी करतो, तेव्हा डबा बंदच ठेवा. पंखा किंवा एसी तासाला बंद-चालू होत असेल तर तेही टाळा. होक्काइदोच्या संशोधकांनी 2008 मध्ये एका तासाच्या अंतराने तीनदा थोडा वेळ गार, कोरडी हवा सोडली होती. मोल्ड तिन्ही वेळा मंदावला, आणि चौथ्या वेळी हवा सोडलीच नाही तरी ठरल्या वेळी त्यातले पुष्कळसे मंदावले. शाळेच्या तासांच्या घंटेवर चालणारा पंखा म्हणजे तुम्ही नकळत तोच प्रयोग केल्यासारखं होईल.

अगार एक टक्का, साध्या पाण्यात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. वाण्याकडचं चायना ग्रास चालतं, फक्त साखर-रंग घातलेलं पाकीट नको. ओट्सही साधे. मसाला ओट्समध्ये मीठ असतं, आणि मग पलीकडच्या बाजूलाही मीठच.

मिठाचं प्रमाण तुम्ही ‘चिमूटभर’ असं लिहिलंय, तिथे सगळ्यात जास्त सुधारणा हवी. मिठाला सरावणारे मोल्ड ज्या प्रमाणावर तपासले गेले ते लिटरला 6 ग्रॅमच्या जवळपास आहे, म्हणजे लिटरभर अगारमध्ये सपाट केलेला एक चहाचा चमचा. शंभर मिलिलिटरमध्ये एक चमचा पडला तर ते दहापट होतं आणि कुठलाच मोल्ड ते ओलांडणार नाही.

पूल करताना डिशमध्ये अगारचे दोन ठोकळे ठेवा, मधे कोरडी फट, आणि फटीवर अगारची एक पट्टी. मीठ फक्त पट्टीत. रोज नवी पट्टी आणि नवी डिश. जुनी डिश धुऊन तीच पुन्हा वापरायचा मोह होतो, तो आवरा. मोल्ड जिथून जातो तिथे पारदर्शक चिकट माग सोडतो आणि नंतर तो माग टाळतो. ख्रिस रीड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याला यू आकाराच्या सापळ्यात अडकवलं होतं. स्वच्छ अगारवर बहुतेक सगळे सुटले, आधीच माग फासलेल्या अगारवर जेमतेम एक तृतीयांश. स्वतःचा माग हाच त्याचा ‘इथे येऊन गेलो’ हा शिक्का आहे. जुन्या डिशमध्ये तो पट्टीला टाळतोय की कालच्या मागाला, कोण सांगणार?

सगळे तुकडे एकाच दाट चादरीतून, पुढच्या कडेचे, एकाच मापाचे कापा. अर्ध्यांना मिठाचा पूल, अर्ध्यांना साधा, पाच-सहा दिवस. मग एका दिवशी सगळ्यांना मिठाचा पूल. पुलाला टेकल्यापासून पलीकडे पोचेपर्यंतचा वेळ लिहा, आणि हात किती रुंद निघाला तेही, कारण बिचकलेला मोल्ड बारीक हात काढतो आणि हे फोटोत वेळेपेक्षा लवकर दिसतं. साध्या पुलावर वाढलेले बिचकले आणि मिठावर वाढलेले सहज गेले तर अर्धी बाजी तुमची. उरलेल्या अर्ध्यासाठी मिठाला सरावलेल्यांना दूध-साखर नसलेल्या कॉफीचा पूल द्या, आणि काहींना दोन-तीन दिवस साध्यावर ठेवून मग पुन्हा मीठ. कॉफी किती कडक हवी ते आधी वेगळ्या तुकड्यांवर बघून घ्या, ओलांडायला नाखूश पण ओलांडतो अशी हवी.

आकडे वाचलेल्याशी जुळले नाहीत तर निराश होऊ नका. ऑस्ट्रेलियन, जपानी आणि अमेरिकन वाणांच्या वागण्यात बराच फरक आहे, काही धसमुसळे, काही सावकाश. तुमच्या हातातला वाण कुठला हे त्या कॉलेजला विचारून तक्त्यावर लिहा. आणि डिशची संख्या वाढवा. चार डिश म्हणजे चार गोष्टी. निदान वीस हव्यात, आठवीच्या वर्गात तेवढे हात असतातच.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय की पावसाळ्यात येऊरला मुलांना नेऊन जंगलातला मोल्ड गोळा करावा का. न्या, जरूर न्या, जुलैत कुजक्या ओंडक्यांवर आणि पाचोळ्यावर भरपूर दिसतो. पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलता येत नाही, ओंडक्याचा तुकडासुद्धा नाही. तिथे फक्त फोटो. प्रयोगासाठी शाळेच्या किंवा सोसायटीच्या बागेतला पाचोळा ओला करून डब्यात अंधारात ठेवा. त्यातून निघेल तो फायसॅरमच असेल असं नाही, आणि बागेतला मोल्ड ओट्सवर टिकेलच असंही नाही, म्हणून सवयीच्या प्रयोगाला तुमची ती नारिंगी खपलीच वापरा. आजच तिचा अर्धा भाग फिल्टर पेपरवर तसाच वाळू द्या, कागदाच्या पाकिटात घालून तारीख लिहा आणि कोरड्या डब्यात ठेवा. उरलेला अर्धा आज रात्री ओला करा. उद्या दुपारपर्यंत कड फुटली की फोटो इथेच टाका, पुलाची मापं त्यावरून सांगते.